संकल्प कोणाचा?

गेल्या कार्तिकी वारीत पंढरपुरी फडावरचे कीर्तन आटोपल्यावर एक तरुण आमच्याजवळ येऊन बसला. हाताला घट्टे पडलेले, घरची चार एकर कोरडवाहू जमीन. पिशवीतून त्याने एक वही काढली. तीत त्याने स्वतः रचलेले चाळीसएक अभंग होते. संकोचाने म्हणाला, "माउली, शंभर पुरे करायचे ठरवलंय. पण आई म्हणते, पेरणीच्या दिवसांत वही घेऊन बसतोस, हे काय देवाचं काम? अन् मलाही वाटतं, सगळं देवावर सोडलं म्हणायचं, तर मग हे ठरवणारा कोण? देव का मी?"

आम्ही त्याला म्हणालो, "नाम घेत जा, पांडुरंग सर्व ठीक करील." तो पाया पडून निघून गेला. त्याचे समाधान झाले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. तेव्हा देता आले नाही ते उत्तर आता शोधू पाहतो.

प्रश्न त्या एकट्याचा नाही. देव ठेवील तसे राहावे व चित्ती समाधान असावे, असा संतांचा उपदेश आपण रोज गातो. कोणी त्याचा अर्थ असा घेतो की, मनुष्याने काहीच ठरवू नये. दुसरा म्हणतो, ठरविल्यावाचून एक दिवसही धड जात नाही. दोघांचेही थोडे खरे आहे. मग मेळ कसा घालावा?

प्रथम आमचीच एक फजिती सांगतो. एका चातुर्मासात आम्ही ज्ञानेश्वरीचे पारायण पुरे करण्याचा नेम धरला. ओव्या सुमारे नऊ हजार, दिवस सुमारे एकशेवीस; म्हणजे रोजच्या पंचाहत्तर. पहिला महिना गोडीने गेला. पुढे प्रवास झाला, दुखणे आले, ओव्या तुंबल्या. मग आम्ही दीडदीडशे ओव्या एका बैठकीला उरकू लागलो. एके सकाळी शेजारची म्हातारी एका ओवीचा अर्थ विचारायला आली, तर आम्ही तिला "नंतर या" म्हणून परत पाठविले. त्या दिवशीचा आकडा पुरा झाला, पण माउली आमच्या दारातून परत गेली! नेम वाईट नव्हता. नेमाच्या आसनावर केव्हा आमचा 'मी' येऊन बसला, ते आम्हांला कळले नाही, एवढेच.

म्हणून आम्हांला वाटते, प्रश्न 'ठरवावे की नाही' असा नसून 'ठरविले ते कोणासाठी' असा आहे.

तुकोबांचे चरित्र पाहा. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. त्यात त्यांचे घर मोडले, व्यापार बुडाला, पत्नी अन्नावाचून गेली. अशा माणसाला 'तुझे ध्येय काय?' असे विचारले असते, तर तो काय सांगणार? त्यांनी पुढे काय केले, तो क्रम त्यांच्याच आत्मचरित्रपर अभंगांतून मिळतो. प्रथम देवाचे मोडके देऊळ नीट करावेसे वाटले, ते केले. मग एकादशीला कीर्तन करू लागले. अभ्यास नव्हता, म्हणून संतांची वचने आदराने पाठ केली. पुढे गाणारा असे, त्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. कवित्व आले ते यानंतर. गाथेचा हा महासागर देऊळ सावरण्याच्या एका लहान कामापासून सुरू झाला. दिशा आधी सापडली आणि मग ते चालू लागले, असे झाले नाही. हातातले काम श्रद्धेने करता करता दिशा उलगडत गेली.

आणि ते कवित्वही स्वप्नात नामदेवरायांनी सोपविले, असे तुकोबा सांगतात. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, तो अपुरा राहिला होता. उरलेला भाग सुमारे तीनशे वर्षांनी देहूच्या वाण्याकडे आला. यातले मर्म ध्यानी घ्यावे. नामदेवांसारख्यांचाही संकल्प एका जन्मात पुरा झाला नाही, आणि त्यात त्यांना उणेपणा आला नाही. भक्ताचा संकल्प वारशासारखा असतो; आपल्या वाट्याचे करावे, उरलेले मागच्यांच्या हाती द्यावे.

नाथमहाराजांचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. 1573 मध्ये वाराणसीस त्यांनी एकनाथी भागवत पुरे केले. एवढ्या सामर्थ्याचा कवी, त्याने 1584 मध्ये काय केले? ज्ञानेश्वरीच्या पोथीत शिरलेले अपपाठ काढून ती शुद्ध केली, आणि तीत कोणीही स्वतःची ओवी घालू नये असे बजाविले. दुसऱ्याच्या ग्रंथावरची धूळ पुसणे हेही निर्मितीचेच काम होय, आणि ते करायला 'मी' फार लहान करावा लागतो. जनाबाईंच्या मुद्रेत तर स्वतःच्या नावाआधी नामदेवांचे नाव येते!

कोणी म्हणेल, ही थोरांची गोष्ट झाली. आम्ही प्रपंची काय करावे? त्यांनी अरणच्या सावता महाराजांकडे पाहावे. त्यांनी मळा सोडला नाही; देवच मळ्यात आला, असे परंपरा सांगते. जो संकल्प आपले रोजचे काम तुच्छ ठरवितो, त्याची नीट तपासणी करावी. आमच्या मते तपासणीचे प्रश्न तीन. या संकल्पाने घरातल्या कोणाचा घास तर हिरावला जात नाही ना? कोणाला कळणार नसेल, तरीही हे काम आपण करू का? आणि अपुरे राहिले, तर दुसऱ्याने पुरे केलेले पाहून आपल्याला आनंद होईल का? तिन्हींना मन निर्मळपणे 'होय' म्हणाले, तर संकल्प खुशाल देवाचा समजावा.

वारी तरी दुसरे काय शिकविते? आळंदीहून निघताना पंढरी मनात पक्की असते, पण पाय त्या दिवसाच्या मुक्कामापुरते चालतात. दिवेघाट चढणारा वारकरी वाखरीची चिंता करीत नाही. तो सासवडला सोपानकाकांच्या गावी पोचण्यापुरते पाहतो. दमला तर दिंडी थांबते, पुढचा मागच्याला हात देतो. आणि पंढरी गाठली म्हणून वारी संपते का? पुढच्या आषाढीला पुन्हा निघायचेच. ध्येय गाठून मोकळे होणे वारकऱ्याला ठाऊकच नाही.

तेव्हा त्या तरुणाला, हा अंक त्याच्या हाती पडला तर, आमचे सांगणे असे. बाबा रे, वही टाकू नकोस. शंभराचा आकडा मात्र खोडून टाक. पेरणीच्या दिवसांत तिफणीमागे चालताना चरण सुचला, तर तो तिथेच गुणगुण. संध्याकाळी आठवला तर लिही, विसरला तर तो पांडुरंगाने ऐकला असे समज. आणि नवा अभंग झाला की पहिल्यांदा आईला म्हणून दाखव. तिने चूल फुंकता फुंकता मान डोलाविली, तर तो देवाला पोचला.

पुढच्या कार्तिकीला आम्ही त्याच फडावर असू. या वेळी ठराविक उत्तर देणार नाही, वही ऐकू.

रामकृष्णहरि.