हरकतीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी

समजा, आपल्या सोसायटीशेजारच्या रिकाम्या भूखंडावर ज्येष्ठ नागरिकांसाठी घरे व्हायची आहेत. भूखंड चिंचोळा आहे. नियमाप्रमाणे चारही बाजूंना जागा सोडली, तर चाकांची खुर्ची वळेल असा पॅसेज आणि स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट बसत नाही. म्हणून एका बाजूच्या सामासिक अंतरात सवलत मागितली आहे. सोसायटीत हरकतीच्या पत्रावर सह्या घेतल्या जात आहेत. ते पत्र आता आपल्या हातात आहे. आपण काय करावे?

प्रश्न नगररचनेचा दिसतो, पण तो आपल्या विवेकाचाही आहे. सामासिक अंतर म्हणजे शेजाऱ्याचा उजेड, वारा आणि आग लागल्यास बंबाला मिळणारी वाट. मागेल त्याला सवलत मिळू लागली, तर नियम केवळ ओळख नसलेल्यांपुरता उरतो. म्हणून नियमाचा आग्रह धरणारा माणूस निर्दयच असतो, असे नाही.

दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेले दहा कोटींहून अधिक लोक होते. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम असावा, असे म्हटले आहे. ही घरे कुठेतरी उभी राहणारच. ‘कुठेही चालतील, फक्त इथे नकोत’ असे प्रत्येक वस्तीने म्हटले, तर ती उभी राहणार कुठे?

यातून वाट काढण्याची दिशा नियमांतच सापडते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, खरी अडचण दाखवता आली तर आयुक्तांनी लेखी कारणे देऊन मोजमापात सवलत द्यावी, अशी तरतूद होती. मात्र त्या सवलतीमुळे रहिवाशांच्या आणि परिसराच्या आरोग्याला व सुरक्षिततेला बाधा येता कामा नये, ही अट होती; आणि चटई क्षेत्र या मार्गाने सहसा वाढवता येत नव्हते. याचा अर्थ साधा आहे. अडचण ही अडचण आहे, नफा कमी होणे ही अडचण नव्हे.

म्हणून मागणाऱ्याला आपण स्पष्ट विचारू या. सवलतीतून मिळालेली जागा रुंद पॅसेजला जाणार, की आणखी फ्लॅटना? ही घरे दहा वर्षांनीही ज्येष्ठांचीच राहतील, अशी लेखी अट स्वीकारणार का? बंबाची वाट बंद होत असेल, तर निःसंकोच हरकत घ्यावी. ती वृद्धांविरुद्ध ठरत नाही; आग लागली तर सर्वांत आधी अडकणार आहेत ते जिना उतरू न शकणारेच.

पण एक प्रश्न स्वतःलाही विचारायला हवा. याच जागी एवढेच अंतर सोडून दवाखाना किंवा तरुण कुटुंबांची इमारत आली असती, तर मी सही केली असती का? उत्तर ‘नाही’ असेल, तर माझी हरकत अंतराला नाही. ‘रोज रुग्णवाहिका येईल, मुलांच्या मनावर परिणाम होईल’ असे जिन्यात बोलले जाते; पत्रात मात्र उजेड आणि वारा लिहिला जातो. हे असत्य आपण ओळखले पाहिजे.

सिद्धार्थाच्या कथेत, राजपुत्र बाहेर पडण्यापूर्वी शुद्धोदन राजाने वाटेवरची वृद्ध आणि आजारी माणसे दूर करवली होती. हेतू प्रेमाचाच होता. तरीही एक म्हातारा समोर आलाच, आणि त्याच्या दर्शनाने राजपुत्राच्या शोधाला सुरुवात झाली. आपणही आपल्या मुलांच्या वाटेवरून कोणाला दूर करत आहोत?

तेव्हा सहीपूर्वी नकाशा मागवा, अंतर मोजून घ्या, अग्निशमन दलाचे मत विचारा. धोका असेल तर सही करा आणि कारण लिहा. धोका नसेल, तर पत्र सही न करता परत द्या आणि पुढच्या बैठकीत उभे राहून तसे सांगा. सेवेची संधी प्रत्येक वेळी सेवेच्या नावाने येत नाही. कधी ती हरकतीच्या पत्रातूनही येते.