पुरावा नाही, म्हणून प्रश्नही नाही?

गेल्या वर्षावासात आमच्या कळंबच्या विहारात दर रविवारी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचनाचे काम बहुधा माझ्याकडे येते. शिक्षक म्हटला की ते त्याच्याच गळ्यात पडते. वंदना झाली, वाचन झाले, लोक चपला शोधू लागले, तेवढ्यात मागे बसलेल्या एका उपासिकेने विचारले, “गुरुजी, एखादी बाई घरातून नाहीशी होती, चार दिवसांनी हिरीत सापडती. सासरी मारहाण व्हायची हे सगळ्या आळीला ठावं असतं. पण मारली म्हणावं तर पुरावा न्हाई. खोटं बोलू नये हे आपलं चौथं शील. मग आपण गप्प बसलो तर ते शील पाळलं असं म्हणायचं का?”

त्या आठवड्यात वर्तमानपत्रात अशीच एक बातमी आली होती. विहारात चर्चा सुरू झाली. एक वडीलधारे म्हणाले, “सुटली बिचारी.” दुसरे म्हणाले, “कोर्ट बघेल, आपण कोण?” एका तरुणाने तर नवऱ्याला तेथल्या तेथे फाशी देऊन टाकली. आणि एक आजी सहज बोलून गेल्या, “तिचा भोगच तेवढा होता.”

हा शेवटचा उद्गार मला फार लागला. आजींनी दीक्षा घेतली, घरातले देव काढले, लेकीसुनांची लग्ने बौद्ध पद्धतीने केली. परंतु बाई मेली की जुना भोग पुन्हा घरात येतो. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, ही कल्पना बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्पष्टपणे नाकारली आहे. तिचे कारण उघड आहे. भोग म्हटले की मारणारा हात दिसेनासा होतो. जे उत्तर शेकडो वर्षे आपल्या जातीच्या दुःखाला दिले गेले, तेच उत्तर आपण आपल्या घरातील स्त्रीच्या दुःखाला देऊ लागलो, तर दीक्षा अर्धीच झाली असे मी म्हणेन.

मात्र त्या तरुणाचेही मला पटले नाही. ऐकीव गोष्टीवर, लोक म्हणतात म्हणून, विश्वास ठेवू नका, असे भगवंतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. ते काही देवादिकांपुरते सांगितलेले नाही. विहिरीत सापडलेल्या बाईच्या नवऱ्यालाही ते लागू आहे.

येथे मला सुंदरीची गोष्ट आठवते. ती ‘उदान’ या पाली ग्रंथात आहे. सुंदरी ही श्रावस्तीची एक परिव्राजिका. भगवंतांचा मान वाढला आणि आपला कमी झाला, म्हणून जळणाऱ्या परिव्राजकांनी तिला वारंवार जेतवनात जायला सांगितले. लोकांनी तिला तेथे जाता-येताना पाहिल्यावर तिला ठार करवून जेतवनातल्याच खंदकात पुरले, आणि ‘आमची सुंदरी बेपत्ता आहे’ अशी तक्रार घेऊन तेच राजा पसेनदीकडे गेले. प्रेत उकरून काढले, खाटेवर घालून गावभर फिरवले, आणि सगळी श्रावस्ती भिक्षूंना शिव्या देऊ लागली. ही ओरड सात दिवस टिकेल, असे भगवंतांनी भिक्षूंना सांगितले. अट्ठकथेत पुढचा भाग आहे: राजाने शोध घ्यायला माणसे लावली, मारेकरी दारूच्या नशेत पैशांच्या वाटणीवरून आपसांत भांडले, आणि सत्य बाहेर पडले.

प्रवचनात ही गोष्ट भिक्षूंवरचा आळ कसा दूर झाला हे सांगण्यासाठी येते. त्यात दोन गोष्टी माझ्या मनात राहिल्या. बेपत्ता असल्याची तक्रार खुन्यांनीच केली होती, म्हणजे मोठ्याने रडणारा तो निर्दोष असे नाही, आणि ज्याच्याकडे सगळा गाव बोट दाखवतो तो दोषी असेही नाही. दुसरे असे की, राजाची माणसे विचारत फिरली नसती तर भिक्षूंवरचा डाग राहिला असता आणि सुंदरीचे खुनी मोकळे राहिले असते. सात दिवसांत ओरड थांबते हे खरे. परंतु चौकशी थांबली तर सत्य बाहेर येत नाही. जाता जाता एक सांगतो, त्या साऱ्या गोष्टीत सुंदरीसाठी कोणी रडल्याचे मला कोठे आढळले नाही.

आता आपल्या पुणे जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. मंजुश्री सारडा हे नाव आज तरुण मुलींना ठाऊक नसेल. एके काळी ते महाराष्ट्रभर घरोघर माहीत होते. तिचे माहेर बीडचे, सासर पुण्याचे. लग्न फेब्रुवारी १९८२ मध्ये झाले, आणि चारच महिन्यांनी, ११ जूनच्या रात्री, पोटॅशियम सायनाइड या विषाने पुण्यातल्या घरी तिचा मृत्यू झाला. मधल्या काळात तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहून आपले दुःख कळवले होते. माहेरी आल्यावर तोंडानेही सांगितले होते, अशी साक्ष माहेरच्यांनी दिली. तरी ती सासरी परत गेली.

पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला खुनाबद्दल फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै १९८४ रोजी त्यांना निर्दोष सोडले. तिने स्वतः विष घेतले असण्याची शक्यता पुराव्यावरून पुसली जात नाही, आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळाला पाहिजे, असे न्यायमूर्तींचे म्हणणे पडले. कायद्याने ते निर्दोष आहेत, आणि चौथे शील पाळणाऱ्याने याहून वेगळे बोलू नये.

त्याच निकालपत्रात एक शब्द आहे, तो वाचून मी थबकलो. प्रत्यक्ष पाहणारा कोणी नसताना केवळ परिस्थितीवरून गुन्हा सिद्ध करायचा तर कोणत्या पाच कसोट्या लावाव्यात, हे न्यायालयाने सांगितले आणि त्या पाच कसोट्यांना ‘पंचशील’ म्हटले. प्रत्येक दुवा पक्का हवा, साखळी सलग हवी, आणि आरोपी निर्दोष असू शकेल अशी वाट कोठेही मोकळी राहता कामा नये, असा त्यांचा मथितार्थ. आजही देशभरातील न्यायालये त्यांचा आधार घेतात. मला हे पंचशील मान्य आहे. खोट्या आळापायी तुरुंगात खितपत पडण्याचे भय गरिबाला, दलिताला सर्वांत जास्त. तेव्हा ही कसोटी सैल व्हावी असे आपण तरी म्हणू नये.

परंतु न्यायालयापुढे प्रश्न एकच होता, या माणसाने खून केला हे सिद्ध झाले काय? मंजुश्री सासरी सुखात होती काय, हा त्याचा प्रश्न नव्हता. चार महिन्यांत एक नवी नवरी मरणापर्यंत का पोचली, तिची पत्रे वाचणारांनी काय केले, हाही नव्हता. ‘सिद्ध झाले नाही’ या वाक्याचा अर्थ ‘काही घडलेच नाही’ असा आपण परस्पर लावतो आणि निश्चिंत होतो. त्या उपासिकेच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. दोषी ठरवायला पुरावा लागतो. विचारायला पुरावा लागत नाही, बाई मेली एवढे पुरे आहे. आणि जे डोळ्यांनी पाहिले ते विचारल्यावर न सांगणे, याला मी मौन म्हणणार नाही. ते खोट्याच्या बाजूला उभे राहणे आहे.

मंजुश्रीच्या बाबतीत पुण्याच्या स्त्रियांनी हा प्रश्न सोडला नाही. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेले, आणि जाचात असलेल्या बायकांनी जिवंतपणी येऊन बोलावे म्हणून ‘बोलते व्हा’ हे केंद्र चालवले. देशभर अशीच हाक उठली, तेव्हा १९८३ मध्ये ४९८-अ हे कलम आले आणि नवऱ्याने वा सासरच्यांनी केलेला छळ हाच गुन्हा ठरला. जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत त्याचा क्रमांक ८५ आहे. मरेपर्यंत वाट पाहायची गरज कायद्याने तरी ठेवली नाही. लग्नाला सात वर्षे झालेली नसताना विवाहिता संशयास्पद रीतीने मेली, तर माहेरचे शवविच्छेदनाची मागणी करू शकतात आणि दंडाधिकारी चौकशी करू शकतात. बाई बेपत्ता झाली तर चोवीस तास थांबा असे कोणी सांगेल. असा नियम कोणत्याही कायद्यात नाही.

आणखी एक निकाल सांगतो, तोही महाराष्ट्रातल्याच एका खेड्यातला. सासरच्यांनी सांगितले, सून साप चावून मेली. शवविच्छेदनात गळा दाबल्याचे निघाले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीची शिक्षा कायम केली आणि म्हटले की, घराच्या चार भिंतींआड मरण घडले, तर काय घडले ते समजावून सांगण्याची जबाबदारी घरातल्यांवरही येते. खोटे किंवा अर्धवट उत्तर दिले तर तोही साखळीतला एक दुवा होतो. न्यायमूर्तींनी शेजाऱ्यांबद्दलही लिहिले आहे: शेजारच्या घराशी वैर नको म्हणून ते साक्षीला यायला नाखूश असतात.

हे वाचताना मला माझी लाज वाटली.

माझी पहिली नोकरी दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावी होती. घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. नोकरी नवी, गावाशी बिघडू नये ही धास्ती. तिसरीतल्या एका मुलीची आई पटावर सही करायला शाळेत आली. तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजून काळानिळा झाला होता. पेन धरवेना, म्हणून तिने डाव्या हाताचा अंगठा उमटवला. मी शाईचा पॅड पुढे केला. शाळेला येते का नियमित, एवढे मुलीबद्दल बोललो. हाताबद्दल बोललो नाही. दीड-दोन महिन्यांनी ती नाहीशी झाली आणि तिसऱ्या दिवशी विहिरीत सापडली. पाणी शेंदताना पाय घसरला असे घरच्यांनी सांगितले, अकस्मात मयत म्हणून नोंद झाली. पोलीस शाळेत आले नाहीत, आणि मीही त्यांच्याकडे गेलो नाही. पाय खरोखरच घसरला असेल. मला ठाऊक नाही, आणि तिच्या नवऱ्याने तिला मारली असे मी आजही म्हणत नाही. तो हात मात्र मी पाहिला होता.

माहेरच्यांना तरी काय म्हणावे? दिल्या घरी सुखी राहा, असे म्हणून लेक परत पाठवायची चाल आपण वंदनेबरोबर विहारात घेऊन आलो आहोत. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व बरोबरीची व्हावे, दासी होऊ नये, असे सांगितले. सिगालाला उपदेश करताना भगवंतांनी पतीची कर्तव्ये सांगितली, त्यांत पहिले पत्नीला मान देणे आणि दुसरे तिचा अवमान न करणे हे आहे. आमच्या विहारात हा भाग दरवर्षी वाचला जातो. वाचताना नवरे भिंतीकडे पाहतात. मीही त्यांच्यातलाच, माझी पत्नी समोर बसलेली असते, म्हणून मी जरा भरभर वाचतो.

त्या रविवारी उपासिकेला मी हे सारे सांगितले, हातासकट. ती म्हणाली, “मग गुरुजी, ती पोरगी आता कुठं हाय?”

मुलगी आता मोठी झाली आहे, मामाकडे राहून बारामतीला शिकते. मागच्या महिन्यात मी तिला भेटलो. तिने फार काही विचारले नाही; आईचा हात तुम्ही पाहिला होता का, एवढेच विचारले. मी हो म्हणालो. माझे म्हणणे मी तारखेनिशी लिहून, सही करून तिच्या मामांकडे दिले आहे. इतक्या वर्षांनी त्याचा काही उपयोग होतो का, हे विचारायला येत्या सोमवारी आम्ही तिघे बारामतीला वकिलांकडे जाणार आहोत.