ओलं लाकूड

बाणेरमध्ये चौदा जणांचं आमचं स्टार्टअप आहे आणि प्रोग्रॅमर निवडायचं काम माझ्याकडे. अर्जात मीच अट घातली होती : बी.ई. किंवा बी.टेक. नसेल, तर अर्ज माझ्यापर्यंत यायचाच नाही. दोन वर्षं ती तशीच राहिली.

दहावीच्या सुट्टीत बाबांनी मला अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा ग्रंथ शिकवला होता. डोंगरावर धूर दिसला, तर तिथे अग्नी आहे हे अनुमान पक्कं. उलट्या बाजूने मात्र ते चालत नाही. नैयायिक त्यासाठी तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देतात. अग्नी आहे, धूर नाही. कारण धूर नुसत्या अग्नीने होत नाही, त्याला ओल्या लाकडाची जोड लागते.

हे शिकलेली मी, धूर दिसला नाही की डोंगराकडे बघतही नव्हते.

मग ओळखीतून बार्शीचा एक मुलगा आला. वडिलांच्या आजारपणात डिप्लोमा सुटलेला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून कोडिंग शिकलेला. त्याला आमचाच एक बग दिला. काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जात होते. त्याने कोडच्या आधी लॉग मागितला. दोन नोंदींच्या वेळांवर बोट ठेवून म्हणाला, “मॅडम, नेट गेलं म्हणून माणसानं परत बटण दाबलंय. दोन्ही रिक्वेस्टला एकच आयडी पाहिजे होता. इथं आयडीच नाही.” आम्ही तीन आठवडे बँकेला दोष देत होतो.

पदवीने काहीच येत नाही, असं मी म्हणणार नाही. डेटाबेसला इंडेक्स का लागतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. आमच्यातल्या एका इंजिनिअर मुलीने वही-पेन घेऊन ते शिकवलं. पण पदवी नुसत्या बुद्धीने मिळत नाही. फी भरणारं कुणी लागतं, होस्टेल लागतं, चार वर्षं घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं नसावं लागतं. मी अग्नी शोधतेय असं समजत होते आणि निवडत होते ओलं लाकूड. ज्यांच्याकडे ते नव्हतं, त्यांच्यावर हा अन्याय होता आणि तो माझ्या हातून झाला.

शिवाय अनुमान करायचं ते डोंगर दूर असतो तेव्हा. इथे तर अर्जदाराने लिहिलेला कोड समोर उघडून वाचता येत होता.

आता ती अट काढली आहे. अर्ज तिपटीने येतात. रात्री जेवण झाल्यावर मी एकेकाचा कोड वाचायला बसते. काल अकरा वाजले, तरी सात उरले होते.