शेजारून चालणाऱ्याचा प्रश्न

१७४९ साली रूसो पॅरिसहून व्हॅन्सेनला पायी निघाला होता. तिथल्या किल्ल्यात त्याचा मित्र दिदरो कैदेत होता आणि गाडीभाडे परवडण्यासारखी रूसोची स्थिती नव्हती. वाटेत वाचायला घेतलेल्या नियतकालिकात त्याला दिजाँच्या अकादमीने निबंधस्पर्धेसाठी दिलेला प्रश्न दिसला. शास्त्रे आणि कला यांच्या पुनरुज्जीवनाने माणसाची नीती सुधारली का? त्या प्रश्नाने तो इतका हलला की एका झाडाखाली बसून राहिला. नीती सुधारली नाही, असे त्याने लिहिले. पुढच्या वर्षी त्या निबंधाला बक्षीस मिळाले आणि त्याच्या पुढच्या साऱ्या विचारांची ती सुरुवात ठरली. १८८१च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिल्व्हाप्लाना सरोवराच्या काठाने चालताना नीत्शे सुर्लेईजवळच्या एका प्रचंड शिळेपाशी थांबला. आपले आयुष्य जसेच्या तसे अनंत वेळा पुन्हा जगावे लागणार असेल तर, ही कल्पना त्याला तिथे सुचली.

चालणे आणि तत्त्वचिंतन यांचे नाते सांगताना या दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. त्या मला खऱ्या वाटतात, पण अपुऱ्याही वाटतात.

खऱ्या अशासाठी की लांब चालण्याने विचारावर खरोखरच काहीतरी घडते. ताशी चार-पाच किलोमीटरच्या चालीत पाय आपसूक पडत राहतात आणि मन मोकळे होते. तरीही ऊन, तहान, चढण त्याला फार दूर भरकटू देत नाहीत. टेबलाशी बसलेल्याला दुःख, समता, मुक्ती हे नुसते शब्द म्हणून हाताळता येतात. दिवसभर चाललेल्याच्या टाचेला फोड आलेला असतो, आणि कुणीतरी पुढे केलेल्या तांब्याभर पाण्याची किंमत त्याला कळलेली असते. त्याच्या विचाराला देह सुटत नाही.

पण एकट्या चालणाऱ्याच्या विचाराला मध्येच अडवणारे कोणी नसते. रूसोचे अखेरचे पुस्तक एकाकी भटकंतीतल्या चिंतनाचे आहे. १७७८मध्ये त्याच्या मृत्यूने ते अपुरे राहिले. सारे जग आपल्यावर उलटले आहे, या समजुतीने त्याला तोवर पुरते ग्रासले होते. तो मैलोन्मैल चालला, सुंदर लिहीत राहिला. पण ‘अरे, असे नाही’ म्हणणारा सोबती त्याच्या शेजारी नव्हता. एकांताने त्याला विचार दिला, पण त्या विचाराची चूक काही दाखवली नाही.

आपल्याकडची लांब चालण्याची सर्वांत मोठी परंपरा मुळातच एकट्याची नाही. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर माणसे दिंडीने चालतात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त घालून दिली. विणेकरी, टाळकरी, पखवाजी आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, प्रत्येकाची जागा ठरलेली असते. दिवसाच्या वेळेनुसार आणि वारानुसार अभंगांचा क्रमही ठरलेला असतो. अद्वैताचा एकही ग्रंथ ज्याने उघडलेला नाही, त्याच्या मुखी तो विचार असतो आणि दिवे घाट चढताना त्याच्या पायांतही असतो. समोरचा कोण, हे न विचारता तो त्याला ‘माउली’ म्हणतो आणि वाकतो. समोरचाही वाकतो.

इथे थांबून वारीचा गौरव करणे सोपे आहे. पण याच वाटेने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या दलितांना पांडुरंगाच्या दारात थांबावे लागत होते. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच आहे. ते दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषणाला बसावे लागले. म्हणजे सोबत चालण्यानेही डोळे आपोआप उघडत नाहीत. सोबत चालताना माणसे एकमेकांना काही विचारू लागली, तरच उघडतात.

हे मला इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखाने शिकवले. मानववंशशास्त्रज्ञ असलेल्या इरावतीबाई वारीला चालत गेल्या, तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा अशा दोन वेगळ्या पंगती होत्या. दिवसभर तेच अभंग, तीच वाट, आणि जेवायला मात्र निरनिराळे बसायचे. बाईंना ते सलत राहिले. त्या मराठा बायकांच्या पंगतीला जेवल्या. मग त्या बायका त्यांचा हात धरून चालू लागल्या, आपल्या घरची सुखदुःखे सांगू लागल्या, त्यांना ‘ताई’ म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्या घरी येऊ, असेही म्हणाल्या. तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने विचारले की तिथेही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का? हा प्रश्न बाईंच्या जिव्हारी लागला आणि त्यांनी तो लपवला नाही. जातीवर पुष्कळ ग्रंथ वाचून जी गोष्ट अंगाला लागत नाही, ती त्या मुलीने एका वाक्यात लावली. ते वाक्य उच्चारण्याचे धैर्य तिला कशाने आले असेल? माझ्या मते, आठवडाभराहून अधिक काळ बरोबरीने झिजवलेल्या तळव्यांनी.

विनोबांचेही तसेच झाले. १९५१च्या मार्चमध्ये ते पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पायी गेले. तिथून ते तेलंगणच्या धुमसत्या खेड्यांतून चालू लागले, तेव्हा भूदान ही कल्पना त्यांच्याजवळ नव्हती. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीन दलितांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी गावालाच विचारले, आणि रामचंद्र रेड्डी शंभर एकर द्यायला उभे राहिले. पुढे विनोबा १९६४पर्यंत देशभर चालत राहिले. मिळालेल्या जमिनीतली बरीचशी नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही तितकेच खरे. पण गीतेवर प्रवचने देणाऱ्या त्या माणसाच्या चिंतनाला ऐंशी एकर असा आकडा आला तो चालण्यामुळे. मुक्कामाच्या गावी पोचणाऱ्याला तिथल्या माणसांचे ऐकून घ्यावे लागते.

वारीत या ऐकण्याची रीतही आहे. मुक्कामाला पोचल्यावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, तक्रार ऐकतो, तिची दखल घेतो आणि मगच आरती होते. या रीतीत मला एक मोठा विचार दिसतो. सर्वांच्या ऐक्याचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांनी आधी ज्याचा टाळ अजून वाजतो आहे त्याच्याकडे गेले पाहिजे. त्याला गप्प करून म्हटलेली आरती ऐक्याची नव्हे. जातीच्या उतरंडीवर बोट ठेवणारी तक्रार या रिंगणाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकली नाही, हे रीतीचे अपयश आहे. पण रीत होती, आणि ती अजून आहे.

आज एकट्याने गिरिभ्रमण करणारे, नर्मदा परिक्रमेला जाणारे, सुटी काढून वारीचा एखादा टप्पा चालणारे पुष्कळ आहेत. मनःशांतीसाठी चालणे वावगे नाही. पण तेवढ्यावर थांबले, तर चालणाऱ्याचे जुनेच ग्रह ताजेतवाने होऊन घरी परततात. म्हणून लांब चालायला निघणाऱ्याला मी इतकेच सांगेन. ज्याच्याशी एरवी तुमचा संबंध येत नाही अशा कोणाच्या तरी शेजारून चाला. त्याच्या पंगतीला जेवा. तो जे विचारील त्याचे उत्तर वाटेवर देऊन मोकळे होऊ नका. परतल्यावर, स्वतःच्या घरात, आपल्या वागण्यातून द्या.