धाकटीचा वाटा

तालुक्याच्या एका कॉलेजात २००३ साली एकच लिनक्स सर्व्हर होता. रॅम २५६ एमबी. प्रॅक्टिकलला सगळी मुलं एकदम प्रोग्रॅम कम्पाइल करू लागली की रॅम भरायची, आणि कर्नल मेमरीतली चार-चार केबींची पानं हार्ड डिस्कवरच्या स्वॅपमध्ये हलवू लागायचा. मग टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायलाही वाट पाहावी लागे.

लॅब असिस्टंट मेहनती. त्यानं तशीच दुसरी डिस्क मिळवली, तिच्यावरही स्वॅप पार्टिशन केलं. काडीचा फरक पडला नाही.

‘‘काका, ही दुसरी डिस्क कामचुकार निघाली,’’ तो शेजारच्या निवृत्त सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरला म्हणाला.

काकांनी स्वॅपची यादी काढली. पहिल्या पार्टिशनचा अग्रक्रम उणे १, दुसऱ्याचा उणे २. दुसऱ्याचा वापर शून्य.

‘‘तिला काम सांगितलंय कोणी? अग्रक्रम तू दिला नाहीस, म्हणून कर्नलनं आलेल्या क्रमानं दिला. पहिली काठोकाठ भरेपर्यंत दुसरीला तो हाक मारणार नाही.’’

एक डिस्क वेगवान आणि दुसरी संथ असेल, तर असा उतरता क्रम योग्यच. इथे दोघी सारख्या होत्या, आणि एकटी थोरली मरमर मरत होती.

‘‘मग थोरलीवरच चार पार्टिशनं करून सगळ्यांना सारखा अग्रक्रम देऊ?’’

‘‘तिचं हेड या टोकाहून त्या टोकाला धावून आणखी थकेल. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर हवी ती जागा हेडखाली यायलाच सरासरी चार मिलिसेकंद जातात; हेड सरकण्याचा वेळ वेगळा. चार नावं लिहिलीस तरी राबणारी एकच ना?’’

एफस्टॅब या फाइलमध्ये त्यांनी दोन्ही डिस्कवरच्या पार्टिशनांना अग्रक्रम ५ दिला. आता कर्नल पानं आळीपाळीनं दोघींकडे पाठवणार होता. मग काकांनी झाकण उघडलं. दोन्ही डिस्क एकाच आयडीई केबलवर! त्या केबलवर एका वेळी एकीचीच देवघेव चालते. धाकटीला दुसऱ्या चॅनलवर स्वतःची केबल मिळाली.

पुढच्या प्रॅक्टिकलला दोन्ही डिस्क राबल्या. सर्व्हर अडखळला, पण मुलांचे प्रोग्रॅम वेळेत पार पडले.

‘‘आता रॅम मागायला नको ना, काका?’’

‘‘मागायलाच हवी. डिस्क दोन लाव की चार, रॅमच्या मानानं ती हजारो पटींनी मंद. आज यांनी निभावून नेलं म्हणून रोज यांच्याच माथी मारू नकोस. प्राचार्यांना अर्ज लिही, मी बसतो सोबत.’’