दिलेलें आणि घेतलेलें

गोंदिया जिल्ह्यांत दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते व रात्रीं दंडार रंगते. मागच्यांचें गाणें घेऊन पुढचा त्यांत आपलें कडवें घालतो. उद्यां त्यानें सबंध दंडारीवरच हक्क सांगितला तर? १९५७ चा कॉपीराइटचा कायदा त्यास फार तर त्याच्या कडव्याचा धनी मानील.

उलट, दात्यास दिलेलें परत मागतां येईल काय? अमेरिकेंतील एका कंपनीनें २००० सालीं आपल्या खेळाचे नियम सर्वांस परवान्यानें मोकळे केले. २०२३ सालीं ती तो फिरवूं लागतांच, त्या भरंवशावर नवे खेळ रचणाऱ्यांनीं आकांत केला. तिला माघार घ्यावी लागली.

आमच्या मतें घेणाऱ्यानें वाट अडवूं नये, देणाऱ्यानें शब्द फिरवूं नये. मूळ कर्त्याचें नांव मात्र दोघांनींही राखावें. आमच्या दंडारीनें तेवढें राखलें नाहीं.