जुना मोडेम, नवे नेटवर्क आणि काळाचा दोष

मोबाईल नेटवर्कची पिढी बदलली की घरातला मोडेम कालबाह्य होतो, असा सार्वत्रिक समज आहे. या समजात दोन वेगळ्या घटनांची सरमिसळ झालेली असते. एक, नवे नेटवर्क सुरू होणे. दुसरी, जुने नेटवर्क बंद होणे. पहिल्या घटनेने मोडेमचे काही बिघडत नाही. दुसरीने तो एका रात्रीत निरुपयोगी होऊ शकतो. दोन्ही घटना सहसा मागोमाग घडतात, म्हणून दोष नव्याच्या येण्यावर किंवा सरळ काळावर ढकलला जातो. वस्तू निरुपयोगी झाली म्हणजे नेमके काय झाले, ते कशामुळे झाले आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न भारतीय दर्शनांनी आणि धर्मशास्त्राने वेगळ्या संदर्भात बारकाईने हाताळले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात, जिथे डोंगर आणि खाड्यांमुळे रेंज ही रोजची अडचण आहे, तिथे या प्रश्नांना व्यवहारातही वजन आहे.

मोडेम हा मुळात एक रेडिओ आहे. टॉवरशी जोडले जाण्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात: लहरींचा पट्टा आणि संदेश बांधण्याची पद्धत. २जी, ३जी, ४जी, ५जी ही पद्धतींची नावे. ९००, १८००, २१००, २३०० मेगाहर्ट्झ ही पट्ट्यांची. भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. महानगर टेलिफोन निगम आणि बीएसएनएल यांनी २००८-०९ मध्ये ३जी आणले. एअरटेलने एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात ४जी सुरू केले, ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ केवळ ४जीच्या बळावर बाजारात उतरली आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जीचे उद्घाटन झाले. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीच्या उद्घाटनाला २७ सप्टेंबर २०२५ उजाडला. ५जी आले त्या दिवशी त्यामुळे ४जीचा एकही डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा छोटा मोडेम, बंद पडला नाही. एअरटेलने सुरुवातीला ५जी ज्या रचनेवर उभे केले, तिच्यात तर फोन आधी ४जीशी जोडला जातो आणि त्याच्या आधाराने ५जी वापरतो. तिथे जुने काढले तर नवेही चालणार नाही.

डोंगल बंद पडले ते वेगळ्या कारणाने. २०१० च्या आसपास लॅपटॉपला लावण्यासाठी टाटा फोटॉन आणि रिलायन्स नेटकनेक्ट ही नावे घरोघर माहीत होती. ते डोंगल सीडीएमए पद्धतीचे होते. ८०० मेगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यावर ते चालत, तो पुढे ४जीकडे वळवला गेला आणि ते डोंगल कायमचे मुके झाले. ३जीची गोष्ट थोडी निराळी. एअरटेलने २०१९ मध्ये ३जी काढायला सुरुवात केली आणि तो पट्टा ४जीला दिला; २जी मात्र चालू ठेवले. व्होडाफोन आयडियानेही ३जीचे स्पेक्ट्रम टप्प्याटप्प्याने ४जीकडे नेले. बहुतेक ३जी डोंगलांत २जीची सोयही असते. म्हणून त्या काळचा डोंगल, त्यात चालणारे सिम असेल तर, आजही एखाद्या वाडीत पडवीच्या खांबाला यूएसबी वायरने बांधला तर टॉवर शोधतो, हिरवा दिवा लुकलुकतो आणि २जीशी जोडणी होते. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर सावकाश जातो; बँकेचे पान उघडता उघडता वेळ संपल्याची सूचना येते. त्याच डोंगलला जिओचे नेटवर्क कधीच सापडत नाही, कारण जिओकडे २जी आणि ३जी मुळातच नव्हते.

या साध्या वस्तुस्थितीला न्यायशास्त्रातील अन्वय-व्यतिरेकाची कसोटी लावता येते. कारण असले की कार्य असते हा अन्वय; कारण नसले की कार्य नसते हा व्यतिरेक. जुनेपणा हे निकामी होण्याचे कारण असते, तर सर्वांत जुने आधी गेले असते. भारतात घडले ते उलट. २जी हे ३जीपेक्षा तेरा-चौदा वर्षांनी वडील. तरी ३जी काढले जाऊ लागले आणि २जी राहिले. साधे बटणाचे फोन वापरणारे कोट्यवधी ग्राहक आणि २जीवर चालणारी स्वाइप मशीन, मीटर यांसारखी उपकरणे हे त्यामागचे मोठे कारण. नव्याचे आगमन हे कारण मानले, तर ४जी आल्यावर २जी बंद पडायला हवे होते. तेही झाले नाही. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट कार्याबरोबर राहते: त्या पद्धतीची सेवा काढून घेतली तिथे मोडेम थांबला, काढली नाही तिथे चालला. म्हणजे कारण सेवा काढून घेणे हे आहे.

काळाला दोष देण्यातली चूक वैशेषिकांच्या परिभाषेत अधिक स्पष्ट होते. वैशेषिक दर्शनात काळ हे स्वतंत्र द्रव्य आहे आणि उत्पन्न होणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे ते निमित्त कारण आहे. पण न्याय-वैशेषिक परंपरा काळाची गणना साधारण कारणांत करते. घडा घडतो तेव्हा काळ असतो आणि घडा फुटतो तेव्हाही असतो. जे सर्वच कार्यांना समान आहे, ते एखाद्या विशिष्ट कार्याचे स्पष्टीकरण देऊ शकत नाही. त्यासाठी असाधारण कारण दाखवावे लागते. मोडेम काळामुळे गेला हे विधान खोटे नाही, पण त्यातून काही कळतही नाही. काळ २जीच्या फोनावरूनही गेला आहे.

पुढचा प्रश्न निकामी झालेल्या मोडेमच्या स्वरूपाचा. सेवा गेल्यावर तो मोडेम उरतो का? सातव्या शतकातले बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती यांच्या मते काही कार्य घडवून आणण्याचे सामर्थ्य हेच सत्तेचे लक्षण. ही कसोटी मोडेमला लावली तर टॉवरशी न जोडणारा मोडेम मोडेम म्हणून संपला. उरते ते प्लास्टिक आणि तांबे. दहाव्या शतकातले नैयायिक उदयनाचार्य यांनी 'आत्मतत्त्वविवेक' या ग्रंथात बौद्धांच्या क्षणिकवादाचा, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणभरच टिकते या मताचा, प्रतिवाद केला. त्या वादातले प्रसिद्ध उदाहरण कोठारातल्या बीजाचे आहे. कणगीतले भात रुजत नाही, शेतात पेरलेले रुजते. बौद्धांच्या मते ही दोन वेगळी बीजे: एकात सामर्थ्य आहे, दुसऱ्यात नाही. नैयायिकांच्या मते बीज तेच; शेतात माती आणि पाणी ही सहकारी कारणे मिळाली, कणगीत मिळाली नाहीत. कार्य न करणे वेगळे आणि कार्याची पात्रता नसणे वेगळे. या पात्रतेला ते स्वरूपयोग्यता म्हणतात.

मोडेमच्या बाबतीत नैयायिकांची बाजू प्रयोगाने पडताळता येते. रत्नागिरीत २जीवरच अडकलेला ३जी डोंगल, कंपनीचे कुलूप नसेल तर, २१०० मेगाहर्ट्झवर ३जी अजून चालू असलेल्या प्रदेशात नेला की तिथल्या सिमवर पूर्वीसारखा चालतो. त्याच्या आतला एकही भाग बदललेला नसतो. म्हणजे अभाव मोडेममध्ये नव्हता, त्याच्या आणि टॉवरच्या संबंधात होता. तरीही बौद्धांचे म्हणणे पूर्ण मोडीत निघत नाही. सीडीएमएसारखे सहकारी कारण पुन्हा मिळण्याची आशाच उरली नाही, तर स्वरूपयोग्यता वापरणाऱ्याच्या कामाची राहत नाही. वस्तूविषयीचे सत्य नैयायिकांकडे आहे. ज्याला आज विजेचे बिल भरायचे आहे, त्याच्या अडचणीचे सत्य धर्मकीर्तींकडे.

शिवाय 'चालतो' आणि 'चालत नाही' यांच्या मधल्या पायऱ्याही आहेत. ५जीच्या काळात ४जी मोडेम ४जीच्याच वेगाने चालतो. त्याच्यात विशिष्ट पट्टा नसेल तर तो ४जी असूनही काही टॉवर त्याला दिसत नाहीत. कोकणात हे विशेष जाणवते. कमी वारंवारतेच्या लहरी दूर जातात आणि डोंगराच्या आडोशालाही काही प्रमाणात पोहोचतात. ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची पोच त्या मानाने तोकडी. सड्यावर पूर्ण रेंज आणि खाली खाडीकाठच्या वाडीत शून्य, ही स्थिती नवा मोडेम घेऊनही बदलेलच असे नाही. तिथे ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झ पकडणारा जुना ४जी मोडेम अधिक उपयोगी ठरू शकतो. एकाच वस्तूविषयी अपेक्षेनुसार वेगवेगळी विधाने खरी असतात, हा जैनांचा अनेकान्तवाद इथे तंतोतंत लागू पडतो. कोणत्या ठिकाणी, कोणत्या पट्ट्यावर, कोणत्या कामासाठी, हे सांगितल्याशिवाय 'कालबाह्य' हे विशेषण अपुरे आहे.

जबाबदारीचा प्रश्न मात्र दर्शनांपेक्षा धर्मशास्त्रात अधिक थेटपणे आला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात १८८० मध्ये जन्मलेले आणि १९६३ मध्ये भारतरत्नाने गौरवलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी 'हिस्ट्री ऑफ धर्मशास्त्र' या पाच खंडांच्या ग्रंथात कलिवर्ज्य या विषयाचा सविस्तर विचार केला आहे. पूर्वी विहित किंवा मान्य असलेली, पण कलियुगात करू नयेत असे ठरलेली कृत्ये म्हणजे कलिवर्ज्ये. नियोग, अश्वमेध, वाटणीत थोरल्या मुलाला जादा हिस्सा, द्विजांनी समुद्रप्रवास करणे अशी ती यादी. वरवर पाहता हा युगाचा, म्हणजे काळाचा परिणाम. पण आदित्यपुराणाच्या नावे निबंधग्रंथांत आलेली वचने वेगळेच सांगतात. त्यांच्यानुसार कलियुगाच्या आरंभी थोर आणि जाणत्या पुरुषांनी लोकांच्या रक्षणासाठी, व्यवस्था लावून ही कृत्ये थांबवली. आणि सज्जनांनी मिळून केलेला ठराव वेदासारखाच प्रमाण असतो.

या वचनांत काळ हा कर्ता नाही, प्रसंग आहे. कर्ते माणसे आहेत. आणि त्यांच्या निर्णयाला प्रामाण्य मिळते ते तीन गोष्टींमुळे: हेतू लोकरक्षणाचा असणे, व्यवस्था लावून मगच थांबवणे आणि ज्यांच्या शब्दाला मान आहे अशांचे एकमत असणे. अशा निर्णयाचाही पुढे फेरविचार होतो. समुद्रप्रवास वर्ज्य असतानाच दापोलीजवळच्या मुर्डीत जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इंग्लंडला गेले आणि १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले. काही दशकांत तो निषेध समाजानेच मागे टाकला.

याच तीन कसोट्या नेटवर्क बंद करण्याच्या निर्णयाला लावता येतात. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा या कंपनीने ३जी बंद करण्याची तारीख २०२४ मध्ये पुढे ढकलली आणि अखेर २८ ऑक्टोबरपासून बंद करायला सुरुवात केली. कारण असे की काही ४जी फोन इंटरनेट ४जीवर वापरत, पण आणीबाणीचा कॉल मात्र ३जीवरूनच करत. ३जी गेले की ते फोन चालू दिसत असूनही संकटात मुके ठरले असते. इथे लोकरक्षण आणि व्यवस्था हे दोन्ही मुद्दे प्रत्यक्षात तारीख बदलायला कारण झाले. भारतात लिलावाने दिलेले स्पेक्ट्रम साधारणतः तंत्रज्ञाननिरपेक्ष असते. कोणती पिढी चालवायची हे कंपनी ठरवते. त्यामुळे इथे निर्णयाचे कर्तृत्व कंपनीचे, आणि व्यवस्था किती लावली जाते हेही बव्हंशी तिच्यावरच अवलंबून.

यावर एक आक्षेप खरा आहे. स्पेक्ट्रम मर्यादित आहे. तोच पट्टा ४जीला दिला तर अधिक लोकांना अधिक वेगाने सेवा मिळते, आणि दोन-तीन पिढ्या एकाच वेळी चालवण्याचा खर्च व वीज वाचते. मूठभर डोंगलांसाठी पट्टा अडवून ठेवणे हाही इतरांवर अन्याय. म्हणून जुन्या मोडेमच्या मालकाचा सेवेवरचा हक्क अमर्याद ठरत नाही. कलिवर्ज्याचा विचारही जुने कायम ठेवा असे सांगत नाही. काढताना कोणत्या अटी पाळायच्या हे तो सांगतो. अट मोडली जाते ती पर्याय पोहोचण्याआधी जुने काढले तेव्हा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या अनेक गावांत दिवसेंदिवस वीज आणि मोबाईल सेवा नव्हती. अशा प्रदेशात शेवटचे चालू नेटवर्क कोणत्या पिढीचे आहे, हा प्रश्न वेगाचा नसून संपर्काचा असतो.

मोडेम वापरणाऱ्यापुरते यातून निघणारे उत्तर सरळ आहे. नवी पिढी आल्याची जाहिरात हे मोडेम बदलण्याचे कारण नाही. त्याच्या पेटीवरचे पट्टे आणि पिढ्या पाहाव्यात, आपल्या टॉवरवर त्यांतले काय चालू आहे हे तपासावे आणि आपले काम त्यावर भागते का हे ठरवावे. तिन्ही जुळत असतील तर मोडेम कालबाह्य नाही. जुळत नसतील तर तो अन्यत्र चालू शकतो. आणि कुठेच चालणार नसेल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जायला हवा. त्या नियमांत वापर संपल्यानंतरची जबाबदारी उत्पादकावरही टाकलेली आहे. वस्तूचा उपयोग माणसांच्या निर्णयाने संपतो, म्हणूनच त्या संपण्याचा हिशेब माणसांकडे मागता येतो, ही गोष्ट कायद्याने तेवढ्यापुरती तरी मान्य केली आहे.